साक्षीचं करडू

रागिणीनं करडाचा जबडा दोन बोटांनी उघडला आणि बाटलीचं रबरी बोंड त्याच्या जिभेवर टेकवलं. दूध कडेनं ओघळून तिच्या मांडीवर सांडलं. करडानं मान फिरवली. त्याची आई, तांबडी शेळी, गोठ्यातून चोरीला गेली तेव्हापासून त्याचं हेच चाललं होतं. शेजारच्यांची दुभती शेळी धरून पाहिली, तिनं चाटून जवळ घ्यावं म्हणून करडाच्या अंगाला मिठाचं पाणी चोळून तिच्यापुढं केलं. तिनं एकदा हुंगलं आणि लाथ झाडली.

"आजचा दिवस काढत न्हाई ते," सिंधूबाई उंबऱ्यातून म्हणाली. "काहून जीव लावून राहिलीस, पोरी?"

रागिणीनं सासूकडं न बघता बाटली पुन्हा करडाच्या तोंडाशी नेली. तिच्या छातीवर चोळीच्या आतून पंचा आवळून बांधलेला होता. तिचं लेकरू जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. दूध मात्र थांबायचं नाव घेत नव्हतं.

अंगणात मोटारसायकल येऊन थांबली. नंबरावर चिखल. उतरणारा खाकी कपड्यांत होता. डोक्यावर टोपी, शर्ट पोटावर ताणलेला आणि पायांत लाल पट्ट्यांचे, पळायला घालतात तसले बूट. त्यानं डोळ्यांवरचा गॉगल काढून बोटावर गरकन फिरवला. गॉगल उडून शेणात पडला.

"आपल्या इलाख्यात चोरी म्हणजे..." त्यानं भारदस्त आवाजात सुरुवात केली. पुढचं वाक्य त्याला आठवेना. त्यानं खाली वाकून गॉगल उचलला. "तुमचीच शेळी गेली ना? सापडली. ठाण्यात बांधलीय."

"आगं माय! मंग आणली काहून न्हाई?"

"तसं चालत न्हाई, मावशी. वळख पटवावी लागते. करडू द्या. ते आईला बराबर वळखतं."

"करडू कशाला? मीच येते की! तिचा कान म्या सोताच्या हातानं टोचलाय."

"माणसाची साक्ष चालत न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. "करडाची चालते."

सिंधूबाईला ते पटलं. रागिणीचा नवरा शिवशंकर सकाळीच ठाण्यात तक्रार द्यायला गेला होता. इतक्या लवकर साहेब दारात आले म्हणजे पोरगं काही कमी न्हाई, असं पुटपुटत ती चहा ठेवायला आत गेली.

करडू रागिणीच्या मांडीवरून उतरलं. पाय लटपटत होते, तरी ते थेट त्या माणसाकडं गेलं. त्याच्या विजारीला नाक लावलं, गुडघ्याजवळचं कापड तोंडात धरलं आणि चुरूचुरू ओढायला लागलं. शेपूट नाचत होतं. विजारीच्या शिवणीत तांबडे केस अडकलेले होते.

रागिणीनं ते केस पाहिले. मग पाराकडं पाहिलं. पारावर बाप्ये बसलेले होते, एका हाकेच्या अंतरावर. त्या माणसानंही तिकडंच पाहिलं. गॉगलची काडी त्याच्या मुठीत वाकली.

"ओरडून राहिली का ती?" तिनं हळूच विचारलं.

"सारखी. कासेला हात लावू देईना. नुसता दगड झालाय..."

त्यानं जीभ चावली. रागिणीचा हात आपसूक पंच्याच्या गाठीवर गेला. तो दगड तिला ठाऊक होता. ताप चढायचा, कूस बदलता यायची नाही, आणि सासूला ऐकू जाऊ नये म्हणून ती पदराचा बोळा तोंडात धरायची.

"ठाण्यात धारा कोण काढतं, साहेब?"

त्यानं टोपी काढली. टोपीवाचून तो शिवशंकरपेक्षाही लहान दिसत होता.

"ताई, मी..."

"शेकलंस का तिला?"

"आं?"

"कोमट पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, कासेला लावायचं. मंग थोडी धार काढून टाकायची. ओढू नको. लई दुखतं. कास मऊ पडली, की मंग ह्याला लाव."

तिनं करडू उचललं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि पुढं केलं. त्याचे हात लगेच उठले नाहीत. मग त्यानं शर्टाच्या वरच्या गुंड्या सोडल्या, करडाला आत घेतलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं.

"आन् विकशील तर दोघांना एकाच दारी वीक."

गाडी लवकर सुरू होईना. सुरू झाली तेव्हा त्यानं मागं पाहिलं नाही.

सिंधूबाई कपबशी सांभाळत बाहेर आली. "गेले? चहा न घेताच?"

"घाईत होते."

"पिच्चरातल्यावानी होता गं, पण मानूस चांगला." तिनं तो चहा बशीत ओतला. "आता येतीय बघ आपली शेळी."

रागिणी बाटली धुवायला बसली, तेवढ्यात फोन वाजला. शिवशंकर होता.

"सकाळपासून बसूनच हाय ठाण्यात," तो म्हणाला. "आता म्हणतेत उद्या या. आपल्याकडं कोण बघतं!" मग त्यानं विचारलं, "करडानं पिलं का काही?"

सिंधूबाई बशी फुंकत रस्त्याकडं बघत होती. रागिणीनं तिच्याकडं पाठ केली.

"पिईल आता," ती म्हणाली.