घरातली एकुलती शेतकरीण

पर्समध्ये हात घातला की बोटाला आधी तोच लागत होता – चार घड्या घातलेल्या कागदाचा कोपरा. घडीवर मऊ पडलेला, टोकाशी मात्र अजून टोचणारा... वैभवीने लेकीसाठी, सलोनीसाठी बिस्किटांचा पुडा काढला, चेन ओढली, आणि लागली की नाही ते पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं.

बांधाच्या कोपऱ्यात चुना फासलेला दगड होता. तिथून मामंजी पावलं मोजत निघाले होते – गुडघ्याचं दुखणं विसरून, पायजम्याला कुसळं चिकटवून घेत. बाराव्या पावलाला त्यांनी काठी रोवली.

"इथं विहीर. त्या अंगाला चिकू. चालेल ना सूनबाई? मालकीण तू, आम्ही आपले गडी."

जमीन दाखवायला आलेला दलाल जितेश हसला. गिऱ्हाइकाच्या विनोदाला तो नेहमीच हसत असावा.

तो विनोद वैशाखापासून चालू होता. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, घरात कुणाचा सातबारा आहे, असं जितेशने विचारलं तेव्हा मामंजींचा चेहरा पडला होता. तीन पिढ्या शिंपीकाम, स्वतः वीजकेंद्रात फिटर. ढेकळाएवढी जमीन कुणाच्या नावावर नाही. मग तिच्या नवऱ्याला, धीरजलाच आठवलं – वैभवीच्या वडिलांमागे वारस म्हणून तिचं नाव लागलंय की! त्या दिवसापासून ती शेतकरीणबाई. चहाला उशीर झाला तरी शेतकरीणबाई, भाजी खारट झाली तरी शेतकरीणबाई. सात वर्षांत तिच्या माहेरचं काही या घराच्या उपयोगी पडलं ते हे पहिलंच. तेव्हाच सांगायला हवं होतं, त्याच मिनिटाला. पण हातात चहाचा ट्रे होता आणि सगळे तिच्याकडे बघत होते – असं कधी बघितलं होतं यांनी माझ्याकडे? – आणि ती हसली होती.

सांगायचं होतं ते हे, की त्याआधीच्या दिवाळीत, भाऊबीजेचं तबक खाली ठेवायच्या आत सुजित म्हणाला होता, "ताई, उद्या तासभर दहिवडीला जाऊन येऊ. एक सही आहे." आई गॅसपाशी होती, तिने वळूनही पाहिलं नाही. "दे बाई. बहिणीनं सोडायचंच असतं. नाहीतर उद्या या उंबऱ्याला यायला तोंड राहत नाही." हक्कसोडपत्र – सातबाऱ्यावरचं तिचं नाव त्या सहीने गेलं. बी.कॉम. झालेली होती ती, फसवलं असं तरी कसं म्हणणार... ओळ न् ओळ वाचली होती, वाचून सही केली होती, यंत्रावर अंगठा टेकवला होता, आणि येताना सुजितने इरकल घेऊन दिली होती. चांगली, भारी. धीरजने विचारलं तेव्हा ती म्हणाली, ओवाळणी. खोटं कुठे होतं ते?

"वहिनी, सातबारा मात्र ताजा लागेल हां," जितेश जवळ येत म्हणाला. "सोमवारी पालघरला रजिस्टरला बसलो की आधी तोच मागतात. गट नंबर सांगा, आत्ता मोबाइलवर काढतो. इथे रेंज आहे."

"गट नंबर... पाठ नाही."

"अगं, जुनी झेरॉक्स आणणार होतीस ना?" मामंजींनी लांबून विचारलं.

"घरी राहिली."

पर्सवरचा, आतल्या त्या झेरॉक्सवरचा हात तिने काढला. काढलेला हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून सलोनीच्या डोक्यावर ठेवला. परवा सोमवार. मामंजींच्या फंडातून इसार देऊन झालेला. फाटकाचा पत्ता नाही, पण फाटकाचं कुलूप त्यांनी आधीच आणून ठेवलंय, कपाटातून काढून रोज बघतात. सकाळी सुजितला लिहिलं होतं – एक गुंठा तरी माझ्या नावावर करशील का, नावापुरता? – दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. आई फोनवर म्हणाली होती, "आता कसं गं? त्यानं ती जमीन बँकेला गहाण दिलीय." आज रात्री धीरज पाळीवरून आला की... नको, जेवल्यावर. उद्या. उद्या रविवार, मामंजी सत्यनारायण घालणार आहेत – मग पूजेनंतर? ओल्या केसांनी, प्रसादाची वाटी हातात घेऊन? किंवा सोमवारी आपण आजारी पडलो तर... आपल्यासाठी कोण थांबतंय? सलोनी आजारी पडली तर थांबतील.

डोक्यावरचा हात कपाळावर घसरला होता. कपाळ गार होतं. आणि ते गार लागलं तेव्हा आपल्याला वाईट वाटलं, हे तिला क्षणभर उशिराच कळलं.

तिने हात झटकन ओढला. सलोनी वर बघून म्हणाली, "आई, काय झालं?"

"काही नाही. बिस्कीट खा."

गवतातून एक बाई वर आली. हातात विळा, डोक्यावर फडक्याची चुंबळ. पलीकडच्या पाड्यावरची कमळी, जितेशने सांगितलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"बाय, नवी मालकीण तूच काय? दर साली हितलं गवत मीच कापते. जुन्याला विचारलं, तो बोलला, आता तिलाच विचार. कापू काय?"

"मावशी, ते नंतर बघू," जितेश म्हणाला.

"नंतर सुकल. सुकल्यावर तू खाशील काय?" आणि वैभवीकडे वळून, "कागदावर नाव तुजा हाय ना? मग तूच सांग."

मामंजी काठी रोवून थांबले होते. कौतुकाने, परीक्षेला बसलेल्या नातवंडाकडे बघावं तसे.

"कापा," वैभवी म्हणाली. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाली, "अगदी बांधापर्यंत कापा. तो दगड तेवढा हलवू नका."

"दगड कशाला हलवू?" कमळी म्हणाली, आणि खाली बसली.

विळा गवतात शिरला – खस्, खस्... वैभवी ऐकत उभी राहिली. विळ्याचा आवाज नव्हे, मघाचा तिचा. कुठून आला तो? न अडखळता, थोडा वरून, जणू ही जमीन आणि ती माहेरची, सगळ्या जमिनी कायमच्या तिच्याच असल्यासारखा. परवा कचेरीत कुणी मान वर करून विचारेल, शेतकरी कोण? – तेव्हाही हाच येईल काय तोंडातून? तिने स्वतःला घाबरवून पाहिलं. पण तो आवाज येऊ नये असं काही केल्या तिला वाटेना.