पाठमोरा आर्विड

हेल्मीने चष्मा काढून झग्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि फोटोखालचं कार्ड तिसऱ्यांदा वाचलं. छायाचित्रकार : आर्विड राऊटिओ. संग्रह : मिसेस आर्विड राऊटिओ. खाली बारीक अक्षरात फोटोचं नाव, ‘धक्क्यावर अनोळखी माणूस’.

अनोळखी माणूस पाठमोरा होता. तोंड सुपीरियर सरोवराकडे, हात मागे बांधलेले, खिशातून डब्याचं चौकड्यांचं फडकं लोंबतंय. ते फडकं हेल्मीनेच शिवलं होतं. आणि ती पाठ चाळीस वर्षं दर शनिवारी सौनाच्या वाफेत बसून तिनेच घासली होती. तिच्यावरचे तीळसुद्धा तिला पाठ होते.

“हा अनोळखी माणूस माझा नवरा आहे,” ती म्हणाली.

पॉला व्हिटकॉम ही गावच्या संग्रहालयाची नवी प्रमुख. दोन वर्षांपूर्वी शहरातून आलेली, कामाला वाघीण, मनाने चांगली. तिचा चेहरा उजळला. म्हणजे आर्विडनी स्वतःचेच फोटो काढलेत तर, तिने समजावून सांगितलं. त्या कॅमेऱ्यांना टायमर असायचा. कळ दाबायची आणि पळत जाऊन उभं राहायचं.

हेल्मीने तिला शेजारच्या फोटोपुढे नेलं. गोठलेलं सरोवर, पांढरंच पांढरं, आणि त्यात लांबवर मिरीच्या दाण्याएवढा एक माणूस.

“टायमर किती वेळाचा असतो?”

“दहा सेकंदांचा.”

“दहा सेकंदांत अर्धा मैल बर्फ तुडवून गेला तो? खाणीतला पंपवाला होता हो माझा नवरा. घोडा नव्हता.”

मागून वेन आला. हेल्मीचा मुलगा, त्रेपन्न वर्षांचा, बापासारखाच सव्वासहा फूट. आज टाय लावून आला होता, कारण दोन वाजता गावाच्या वतीने वडिलांच्या नावाचं मानचिन्ह त्याच्या हातात द्यायचं ठरलं होतं. चर्चच्या बायकांनी वेलदोड्याचे गोड पाव भाजून आणले होते, खुर्च्या मांडून झाल्या होत्या. त्याने आईच्या कोपराला धरून तिला जरा बाजूला घेतलं.

“आई, हळू बोल. लोक बघतायत.”

“बघायलाच आलेत ते.”

“अगं, बाबांचं नाव होतंय तर होऊ दे ना. तेही तुझंच नाव आहे की.”

हेल्मीला वाटलं, पॉलाचं एक वेळ ठीक. ती काल आलेली. पण हा तर लहानपणी दर रविवारी गाडीच्या मागच्या सीटवर बसून यायचा. फिल्मच्या रोलचा चंदेरी कागद चघळायचा. धक्का, बंद पडलेली खाण, संपाच्या वर्षी चुलीपुढे बसलेल्या बायका, सगळीकडे आर्विड गाडी चालवायचा आणि ती उतरायची. आर्विडचा डावा कान खाणीतल्या स्फोटात उडाला होता; कॅमेरा दिसला की तो आपण होऊन पाठ फिरवायचा. मग तिनेच त्याला कामाला लावलं. एवढा उंच माणूस चौकटीत असला की धक्का केवढा आहे ते कळतं. “जरा डावीकडे सरक,” ती ओरडायची आणि तो मुकाट सरकायचा. बाकी आठवडाभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचे बटाटे सोलायची.

“कॅमेरा कोणाकडे असायचा, वेन?”

वेन हळू आवाजात म्हणाला, “माहितीय मला. पण बाबांना आयुष्यात काय मिळालं, आई? तीस वर्षं जमिनीखाली पाणी उपसलं. कान गेला, फुप्फुसं गेली. पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्च्या मांडतंय.”

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त संताप आला.

“त्याचं जे राहिलंय ते खाणीने द्यायचं राहिलंय,” ती म्हणाली. “माझ्या ताटातलं उचलून त्याला वाढू नकोस. जिवंत असता तर तोच उठून गेला असता.”

पॉलाने चाचरत सांगितलं की तिने स्वतःच्या मनाने काही केलेलं नाही. गेल्या वर्षी हेल्मीने बुटांचे दोन खोके भरून फोटो दिले, त्या प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलीने मिसेस आर्विड राऊटिओ लिहिलेलं होतं. ते नाव फोटो ज्यांच्याकडे होते त्यांचं, काढणारे आर्विडच, असं तिने धरलं.

हेल्मीने लिहिलं होतं खरं. कोणी हात धरून लिहायला लावलं नव्हतं. तेव्हा सगळ्याच लिहायच्या. चर्चच्या पाककृतींच्या वहीत, डॉक्टरकडे, शाळेच्या पगारपत्रकावरसुद्धा प्रत्येक बाई कुणाची तरी मिसेस होती. स्वतःचं नाव फक्त आई हाक मारायची त्यात आणि थडग्यावर. उलट आर्विडच म्हणाला होता, काढलास तू, तर माझं नाव कशाला घालतेस? ती हसली होती. म्हणाली होती, नुसतं हेल्मी लिहिलं तर लोक म्हणतील हिला नवऱ्याने टाकलंय.

आता रागवायचं कोणावर? तो मेलेला, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मधल्या काचेच्या कपाटात तिने फोटोंबरोबर दिलेला कॅमेरा होता. पोटाशी धरून वरून काचेत बघायचा, जुन्या पद्धतीचा. ‘आर्विड राऊटिओ यांचा कॅमेरा’ अशी पाटी. हेल्मीने कपाट उघडायला सांगितलं. पॉलाने एकदा वेनकडे पाहिलं आणि किल्ली काढली.

“घाल गळ्यात,” हेल्मी मुलाला म्हणाली.

“आई...”

“घाल. बापाएवढाच आहेस.”

चामड्याचा पट्टा आखूड करायला दोन्ही बाजूंनी पक्क्या गाठी मारलेल्या होत्या, इतक्या जुन्या की दगड झालेल्या. वेनच्या डोक्यातून तो कसाबसा उतरला आणि कॅमेरा त्याच्या हनुवटीखाली तान्ह्या पोराच्या लाळेऱ्यासारखा अडकला. वेनने मान वाकवून काचेत बघायचा प्रयत्न केला. त्याला स्वतःचा टायसुद्धा दिसेना. पॉलाने ओठ घट्ट मिटून हसू आवरलं.

वेनने पट्टा काढला, क्षणभर हातात धरला आणि आईच्या गळ्यात घातला. कॅमेरा बरोबर तिच्या पोटाशी येऊन बसला.

पॉला म्हणाली की कार्यक्रम होऊन जाऊ दे, पुढच्या महिन्यात ती सगळी कार्डं नवी छापून घेईल, शब्द देते.

“पुढच्या महिन्यात मी एकोणऐंशीची होईन,” हेल्मी म्हणाली. “दोन वाजायला किती अवकाश आहे?”

“तास आहे.”

“मग पेन द्या. आणि त्या मानचिन्हावर काय कोरलंय ते चारचौघांत वाचू नका.”

अडतीस कार्डं होती. हेल्मी पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसली, गुडघ्यावर पाहुण्यांची वही घेतली. वेन एकेक कार्ड भिंतीवरून सोडवून आणून देणार, ती कोऱ्या बाजूवर लिहिणार. पहिलं धक्क्याचं. पेन टेकवला आणि हात आपोआप ‘मिसेस’ लिहून मोकळा झाला.

तिने त्या शब्दाकडे पाहिलं. मग त्यावर एक रेघ मारली, सरळ, पट्टीने आखावी तशी. पुढे लिहिलं, हेल्मी राऊटिओ. अक्षर नवख्या माणसाचं आलं. खाली, अनोळखी माणसाच्या जागी तिने लिहिलं : ‘आर्विड राऊटिओ, पंपवाला. सांगितलं तिथे उभा राहायचा.’

वेनने कार्ड घेतलं आणि वाचलं. वाचून झाल्यावरही बराच वेळ तो ते धरून होता. मग ते परत लावायला भिंतीशी गेला आणि तिथेच, तिच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून उभा राहिला.

कॅमेरा गळ्यात होताच. त्यात रोल नव्हता. हेल्मीने मान खाली घालून काचेत पाहिलं.

“जरा डावीकडे सरक,” ती म्हणाली.

तो सरकला.