माशाचं तेल प्यालेला ब्रेकपॅड

मी ब्रेकपॅड बोलतोय. पत्र्याच्या पाठीवर घट्ट बसवलेली एक काळपट वडी, एवढंच माझं रूप. गाडी पळते तेव्हा लोक इंजिनाचं कौतुक करतात. माझी आठवण मी किंचाळायला लागलो की येते. त्याचं मला वाईट वाटत नाही.

बोईसरला हेतलबेनच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी साध्या खोक्यात पडून होतो. शेजारच्या लाल खोक्यात शर्यतीच्या गाड्यांचे पॅड होते. त्यांच्या रुबाबापुढे माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. सातपाटीच्या देवूनंही आल्या आल्या लाल खोक्यावरच बोट ठेवलं. मासे विकणाऱ्या बायकांना तो रोज आपल्या व्हॅनमधून पालघरच्या बाजारात नेतो.

"काका, गाडी कुठे पळवता एवढी?" हेतलबेननं विचारलं.

"पळवतो कुठं? दर फाट्यावर एक बाय हात करते."

"मग हे नको. हे तापल्यावरच नीट धरतात. तुम्हाला सकाळचा पहिला ब्रेक लागायला हवा. हा साधा घ्या. थंड असला तरी धरतो, चाकातली लोखंडी चकतीही कमी खातो."

देवूनं तोंड वाकडं करून माझा संच घेतला.

पाच महिने मी चोख काम केलं. गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर सत्तरीची काशीबाई पाटी घेऊन उभी असे. तिचे गुडघे दुखत, म्हणून देवू गाडी अगदी तिच्या पदराशी थांबवी. ती कधी मागं सरली नाही. एवढा विश्वास आपण कोणावर टाकतोय हे माणसांना ठाऊकही नसतं, याची मला गंमत वाटे.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली. होड्या किनाऱ्यावर आल्या आणि बायका सुकी मासळी विकू लागल्या. देवूनं आपल्या होडीच्या लाकडाला माशाचं तेल चोपडलं. तेल उरलं, तेव्हा खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून त्यानं व्हॅनची चाकं काढून आतल्या चकत्यांनाही मायेनं फासलं. होडी जपणारा हात तो. मी ते तेल पोटभर प्यालो.

दुसऱ्या सकाळी काशीबाई दिसताच देवूनं ब्रेक दाबला. मी चकतीला धरायला गेलो आणि घसरलो. म्हातारी कशीबशी बाजूला पडली, मनगट मोडलं. पाटी चाकाखाली गेली. मला फार लाज वाटली.

गावच्या मिस्त्रीनं मला काढलं. काशीबाईला रिक्षानं बोईसरच्या डॉक्टरांकडे नेऊन प्लास्टर घातल्यावर देवू मला पिशवीत घालून दुकानात घेऊन आला.

"तुमचा पॅड खोटा हाय," तो तणतणला.

हेतलबेननं माझा वास घेतला. "काका, तेल कोणी लावलं?"

देवूचा आवाज एकदम खाली आला. "मीच. पन अजून जाडा हाय ना तो? धुवून नाय चालणार?"

"आत मुरलंय. आता तो धरणार नाही."

दाराशी बसलेली काशीबाई प्लास्टरमधला हात सावरत शांतपणे म्हणाली, "लाव धुवून. उद्या त्या वळणावर तू उभा राहा, मी गाडीत बसते."

देवूनं मान खाली घातली आणि माझ्यासारखाच साधा, नवा संच मागितला.

मी आता भंगाराच्या डब्यात आहे. अर्धाही झिजलेलो नाही, तरी मला टाकलं ते बरंच झालं. तुम्ही ब्रेकपॅड घ्यायला जाल तेव्हा गाडी किती पळते ते सावकाश सांगा. ती रोज कोणापुढे थांबते, ते आधी सांगा.