जिथे बोलावं लागत नाही

मुलगी अडखळत बोलायची. 'प' किंवा 'म' आला की ओठ मिटायचे आणि उघडायचं नाव घ्यायचे नाहीत. घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. आई ती तीन वर्षांची असतानाच गेलेली. बाप आणि आत्या दोघंही तिचं वाक्य पुरं होईपर्यंत हातातलं काम तसंच धरून थांबायचे. शाळेत मात्र तेवढी सवड कुणाला नव्हती. पाचवीत पोरांनी तिची नक्कल करायला सुरुवात केली. सहावीत डबा भरलेलाच परत येऊ लागला. एकदा नव्या बाईंनी नाव विचारलं, ते तिला सांगता येईना, तेव्हा अख्खा वर्ग हसला आणि बाईंनाही हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं.

बाप चष्म्याच्या काचा घासायचा. दिवसभर यंत्रापुढे उभं राहून काचेच्या कडा फ्रेमच्या मापाला आणायच्या. नजर जरा हलली की काच वाया. म्हणून कारखान्यात शिरताना सगळ्यांचे मोबाइल कपाटात कुलूपबंद व्हायचे. घरून शिकायच्या शाळेबद्दल त्याला तिथल्याच एकाने सांगितलं. शिक्षिका कुठल्या तरी दुसऱ्या शहरात, मुलं आपापल्या घरी, उत्तरं टाइप करायची.

महिनाभर त्याने डोकं खाजवलं. शेवटी बहिणीपुढे विषय काढला. आत्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात तीस वर्षं काढून घरी बसलेली, बोलायला फटकळ.

"शिकेल रे ती," आत्या म्हणाली. "पण बोलेल कुणाशी?"

"शाळेत तरी कुणाशी बोलते, ताई?"

पुढच्याच आठवड्यात मुलीचं नाव त्या घरच्या शाळेत घातलं.

पहिले दोन महिने बरे गेले. पोटदुखी पळाली, मुलगी दोन घास जास्त खाऊ लागली. पडद्यावरच्या अठ्ठेचाळीस चौकोनांपैकी एकात ती बसायची आणि सगळ्यांच्या आधी तिचं उत्तर यायचं. मार्क सांगून सांगून बापाने कारखान्यात सगळ्यांचं डोकं उठवलं. पण हळूहळू ती घरातही गप्प झाली. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट दाखवायची. बाप शेजारी बसलेला असतानाही त्याला मेसेज करायची. आत्या म्हणायची, पोरगी मुकी होत चाललीय, तुला दिसतंय का? त्याला दिसत होतं. पण ती रडत नव्हती, आणि रडत नव्हती एवढंच त्या वेळी त्याला पुरेसं वाटत होतं.

एका मंगळवारी सकाळी साडेदहाला आत्या स्वयंपाकघरात पडली. तिला साखरेचा आजार होता; इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि आधी कपडे वाळत घालू, मग खाऊ असं म्हणत खायचं राहून गेलं होतं. आवाज ऐकून मुलगी वर्गातून उठली. आत्याच्या अंगाला घाम फुटला होता आणि डोळे अर्धवट उघडे होते. अशा वेळी जिभेखाली साखर ठेवायची हे मुलीला माहीत होतं, पण आत्याची दातखीळ बसली होती. तिने बापाला सहा फोन केले. कपाटात ते वाजत राहिले. मग मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला. मुलीचे ओठ मिटले. बाईने दोनदा विचारलं आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदाही तेच झालं. शेजारच्या दोन्ही घरांना कुलूप होतं, सगळे कामावर.

मग तिला जे येत होतं ते तिने केलं. वर्गात परत जाऊन लिहिलं : आत्या पडली आहे, उठत नाही, मदत पाठवा. खाली पत्ताही लिहिला. शिक्षिका अपूर्णांक शिकवत होत्या. मुलांचे मेसेज त्या तास संपल्यावरच वाचायच्या. त्यांनी ते वाचलं तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. त्यांनी फोन केला तो त्यांच्याच शहरात लागला. तिथून कुणी तरी आणखी कुणाला कळवलं. गाडी येईपर्यंत मुलगी आत्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून होती.

आत्या तिसऱ्या दिवशी गेली. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर बापाला म्हणाले. मुलगी दारामागे उभी होती हे त्याला उशिरा दिसलं.

घरी आल्यावर तिने वहीच्या पानावर लिहून त्याच्यापुढे सरकवलं : मला बोलता आलं असतं तर?

"तुझ्यामुळे नाही गं," तो म्हणाला. "त्या बाईने एक मिनिट थांबायला हवं होतं. आणि मी तुला असं एकटं पाडायला नको होतं."

तिने पान परत ओढून घेतलं आणि घडी करून मुठीत धरलं. त्याचं पटलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना.

महिनाअखेरीस शाळेचं प्रगतिपत्रक बापाच्या मोबाइलवर आलं. हजेरी शंभर टक्के, त्या मंगळवारचीही. बापाने ते तिला न दाखवता पुसून टाकलं.

आता दिवसभर घरी दुसरं कुणी नव्हतं. तिला एकटीला ठेवायचं की पुन्हा जुन्या शाळेच्या वर्गात बसवायचं, यावर त्याने आठवडा काढला. एकात ती सुरक्षित नव्हती, दुसऱ्यात सुखी नव्हती. मधली वाट त्याला सापडेना. एका संध्याकाळी भांडी विसळताना त्याने तिलाच विचारलं. ती कितीतरी वेळ ओठांशी झगडत राहिली. त्याने नळ बंद केला.

"मु... मुलं हसतील," ती म्हणाली.

"हसतील," तो म्हणाला. खोटं सांगायचं त्याच्या जिवावर आलं. "मी कारखान्यातली पाळी बदलून घेतो. सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहीन."

सोमवारी ती शाळेत गेली. दुपारी बाकीची पोरं घोळक्याने बाहेर पडली, आणि बरीच मागून, भिंतीकडेने, ती एकटी आली. दप्तराचा एक पट्टा तुटला होता. कुणी तोडला, ते त्याने विचारलं. तिने नाव सांगायला तोंड उघडलं आणि तो रस्त्याच्या कडेला थांबून राहिला. नाव काही बाहेर आलं नाही. शेवटी तिने नकारार्थी मान हलवली, आणि तुटका पट्टा हातात धरून दोघं घराकडे चालू लागली.