डिस्केश्वराचं गाऱ्हाणं

चपलांचा ढीग एवढा वाढला होता, की आत कुणीतरी लग्नच लावतंय असं वाटावं. रत्नागिरी बंदराजवळच्या मत्स्य-प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटर खोलीसमोर अर्धं गाव लोटलं होतं. जागा मिळाली नाही ते काचेला नाक लावून उभे होते. आणि आत, नव्याकोऱ्या कॉम्प्युटरपुढे, मंडणगडकडचे गंगारामबुवा तोंडाने 'फू:, फू:' करत ऊद घालत होते.

साल अठ्ठ्याऐंशी. गणपतीच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद, एसी बंद, बाहेर हवेत हात फिरवला तर पाणी लागेल असा दमटपणा. सुट्टी संपली आणि मशीन सुरूच होईना. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या, डिस्क सापडत नाही म्हणायच्या, आणि सगळं ठप्प. पुण्याहून मेकॅनिक यायला महिना लागणार होता.

"महिना?" प्रयोगशाळेतली संशोधक सगुणा मयेकर ओरडलीच. तिचा अख्खा प्रबंध त्या डिस्कमध्ये होता आणि शनिवारी विद्यापीठात द्यायचा होता. विषय होता सुक्या बांगड्यावर वाढणारी बुरशी. फ्लॉपीवर एक प्रत होती, पण कपाटातून काढून पाहिली तर फ्लॉपीवर पांढरी लव उगवलेली. बुरशीवरच्या प्रबंधाची प्रत बुरशीनेच खाल्ली होती.

अशा वेळी लवू शिपायाने आपल्या सासुरवाडीकडच्या बुवांना आणलं. प्रमुख हरिश्चंद्र साळवी आधी म्हणाले, "छे छे, हे विज्ञानाचं ठिकाण आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण करून बघायला काय हरकत आहे?"

बुवांनी खोलीत पाऊल टाकताच दारावरच्या 'चपला बाहेर काढा' या पाटीकडे बोट दाखवलं.

"चपला कुठं काढतात?"

"देवळात," लोक म्हणाले.

"मग हितं कोण बसलाय?"

खोलीत धूळ जाऊ नये म्हणून लावलेल्या पाटीने एका क्षणात देव बसवला.

"यास बाधा झालीय," बुवांनी निदान केलं. "साधं पिशाच्च असतं तर लिंबावर निघालं असतं. पण साहेब, हाय कुठं? हार्ड डिस्कात. म्हणजे जात पण हार्डच!" मग त्यांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा डिस्केश्वरा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" जन्मभर देवळात म्हणत आलेली माणसं, तोंडातून आपोआप निघालं.

"आज जो काय तू मुका होऊन बसलायस, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जी काय चूक झाली असंल ती पदरात घे, आणि साहेबाच्या फायली मोकळ्या कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगुणाचं शब्दांकडे लक्ष नव्हतं. ती आवाज ऐकत होती. एरवी बटण दाबलं की कॉम्प्युटरच्या डब्यातून घुर्र असा आवाज यायचा. आज पंख्याचा तेवढा येत होता, घुर्र नव्हतं. म्हणजे आतली चकती फिरतच नव्हती.

बुवांनी नारळ उचलला आणि थेट कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याच्या कोपऱ्यावर हाणला. फाट्! पाणी आत जाऊ नये म्हणून सगुणा रुमाल घेऊन धावली. डब्यावर ओणवी झाली आणि तिच्या कानाशी आवाज आला.

घुर्र.

लवूने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर फायलींची नावं आली. साळवीसाहेबांनी आधी बुवांना नमस्कार केला, मग मशीनला, आणि गोंधळात सगुणालाही.

"सर, आता लगेच प्रती काढून घेते," सगुणा कोऱ्या फ्लॉप्या घेऊन पुढे झाली.

"हात लावायचा नाय!" बुवा गरजले. "देवाची नक्कल काढतात काय? फाईल भायर गेली की देव पण भायर जाईल."

"पण बुवा, माझा प्रबंध..."

"मयेकर, जरा दमानं घ्या," साळवी हळूच म्हणाले. "आत्ताच कुठे प्रसन्न झालाय."

दुपारी वीज गेली. संध्याकाळी आली तेव्हा डिस्केश्वर पुन्हा मुका.

बुवांना हे फार सोयीचं झालं. "फ्लाप्या घेऊन कोण उभी होती?" त्यांनी सगुणाकडे बघितलं. "आता हितं घुमटी बांधायची. रोज दिवा, अमावास्येस कोंबडा. आणि बाईमाणसानं उंबरठा वलांडायचा नाय."

हे मात्र जास्त झालं. उंबरठा बंद म्हणजे प्रबंध गेला, आणि नोकरीही गेल्यातच जमा. सगुणाने चष्मा पुसला. रागावली की ती तेवढंच करायची.

"बुवा, सकाळी तुम्ही तीन गोष्टी केल्यात. ऊद घातलात, गाऱ्हाणं घातलंत, नारळ फोडलात. मशीन नेमकं कशाने सुरू झालं?"

"सगळ्यानं!"

"मग आता ऊद आणि गाऱ्हाणं होऊ द्या. नारळ समोर ठेवू, फोडायचा नाही. देवाला तेवढं चालेल ना?"

"नायतर काय," आनंदीबाई काचेपलीकडून ओरडल्या. त्या हर्णेच्या, नमुन्याचे सुके बांगडे घेऊन आलेल्या आणि तमाशा बघत थांबलेल्या. "बोलला तर बोलंल. घाला, बुवा!"

बुवांनी गाऱ्हाणं घातलं. लांबवलं. रत्नागिरीतले सगळे देव बोलावले, मंडणगडचेही बोलावले. ऊद इतका झाला की साळवी खोकत बाहेर गेले. घुर्र नाही ते नाहीच.

"आता मी घालते," सगुणा म्हणाली. तिने लवूला डब्यावरचा मॉनिटर उतरवून बाजूला ठेवायला सांगितलं, बटण चालू केलं आणि डबा दोन्ही हातांत धरला.

"बा बांगड्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" लोकांचं तोंड सवयीने उघडलं.

"तू नीट सुकला नाहीस, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"म्हणून तुला बुरशी लागली, म्हाराजा!"

"होय म्हा..." आता कुठे लोकांना कळलं. हशा फुटला, आणि त्या हशातच सगुणाने बरणीचं घट्ट झाकण फिरवावं तसा डब्याला टेबलावरच झटकन एक हिसका दिला.

घुर्र.

फायलींची नावं येताच पहिली फ्लॉपी आत सरकवून तिने टेबलावरच्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या दोन काचपट्ट्या घेतल्या, मध्ये पाण्याचा थेंब सोडला, एकीवर एक दाबली आणि बुवांच्या हातात दिल्या. "ओढून वेगळ्या करा."

बुवांनी ओढल्या. लाल झाले. पट्ट्या ढिम्म.

"आता फिरवा."

पट्ट्या सुटल्या.

"एवढंच आहे," सगुणा म्हणाली. "आत आरशासारखी गुळगुळीत चकती असते. मशीन बंद झालं की फायली वाचणारा एक बारीक तुकडा तिच्यावर टेकून बसतो. दमटपणात तो चिकटतो. मोटर बिचारी अशक्त, तिच्याने तो सुटत नाही. धक्का बसला की सुटतो. नारळाचा बसो, नाहीतर माझा. पण प्रत्येक वेळी सुटेलच असं नाही, आणि चकती फिरत असताना कुणी नारळ हाणला तर फायली कायमच्या जातील. म्हणून सुरू आहे तोवर प्रती काढायच्या."

"गंगाराम," आनंदीबाई बारीक डोळे करून म्हणाल्या, "तू मुंबैला रेडिओच्या दुकानात व्हतास ना रं? रेडिओ बोलंना की काय करायचास?"

बुवा चपला शोधू लागले. "थाप मारायचो," असं पुटपुटल्याचं लवूने नंतर शपथेवर सांगितलं.

"आजपण तीच मारलीस की!"

ढिगात बुवांना स्वतःची एकच चप्पल सापडली. दुसरी कुणाची तरी घालून ते गेले.

प्रबंध शनिवारी पोचला. फुटलेला नारळ आनंदीबाईंच्या कालवणात गेला. फक्त एक प्रश्न राहिला, तो साळवींनी विचारला. "मयेकर, आता चपला काढायच्या की नाही?"

"काढायच्या, सर. फक्त कशासाठी ते लिहू या."

तिने पाटी स्वतः रंगवली. अजून कुणाला आपल्या दारावर लावायची असेल तर खुशाल लावावी: 'चपला बाहेर काढा, कारण धूळ. नारळ आणू नये. चमत्कार झाल्यास नमस्कार करण्याआधी कशाने झाला ते विचारावे, आणि प्रत काढून ठेवावी.'