दगडावरचे व्याही

मुलगी द्यायच्या आधी माणसं घर बघतात, विहीर बघतात, आंब्याची कलमं किती ते हळूच विचारतात. इथे चहा संपतो न संपतो तोच मुलाची आई दमयंतीबाई म्हणाल्या, "चला, आमच्या गावाचं युद्धस्मारक बघून येऊ." मुलीच्या आईने, राजश्रीने, हातातला कप तसाच खाली ठेवला.

मुलगा सुजय फौजेत. रत्नागिरीहून निघतानाच तिने नवऱ्याला बजावलं होतं, "गोड बोलायचं, पोटभर जेवायचं, शब्द द्यायचा नाही." पण गुरुप्रसाद कसला ऐकतोय! डोंगरातलं ते गाव बघून स्वारी अशी खूश, जसं काही ह्यालाच भरती व्हायचंय.

स्मारकाची बाग टेकाडावर होती. कुंपणाला जांभ्या दगडाचा गडगा, जास्वंदी, मधे काळा दगड आणि त्यावर लढाईत गेलेल्यांची नावं, पार पहिल्या महायुद्धापासूनची. वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे मेले तिकडेच. शिर्के, शिर्के, परत शिर्के. सुजयचं आडनावही तेच!

"हे माझे आजेसासरे," दमयंतीबाई नावावर बोट ठेवून सांगू लागल्या, पूजेला आलेल्या पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशा. "हे चुलत सासरे. आणि हे माझे धाकटे दीर. फार चेष्टेखोर हो."

त्याखाली दगड कोरा होता. पुढच्या नावांसाठी ठेवलेला, राजश्रीच्या मनात आलं. देवा महाराजा, ह्या बाईला नाही कसं सांगू?

तिची लेक निशिगंधा आणि सुजय लांब पायऱ्यांवर बोलत बसले होते. गुरुप्रसाद बागेतल्या जुन्या तोफेपाशी फोटो काढण्यात दंग. तेवढं बघून दमयंतीबाईंनी तिचा हात धरला.

"नाही म्हणणार ना तुम्ही? तोंडावर दिसतंय. म्हणा खुशाल, मी मनाला लावून घेणार नाही. भरतीच्या दिवशी मीसुद्धा सुजयला खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली होती."

"मग?"

"मग काय! कौलं काढून पळाला गुलाम." त्या हसल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "फोन आला नाही की एकटीला घर खायला उठतं हो. दोघी असलो तर निदान एकमेकींना खोटं तरी सांगू, येईल म्हणून."

राजश्रीने पायऱ्यांकडे पाहिलं. लेक एवढी मोकळी हसताना तिने कधी पाहिली नव्हती. हिला घरी नेऊन कडी घातली, तर हीसुद्धा कौलं काढायला मागेपुढे बघणार नाही.

तिने दमयंतीबाईंचा हात घट्ट दाबला.

"ते खोटं कसं सांगायचं, मलाही शिकवा," ती म्हणाली. "आता मलाही लागणार."