पाच सेकंद उशिरा

मी जाहिरातीत हरलेला फोन बोलतोय. हो, तोच. टेबलावर दोन फोन, एक नट दोघांना एकच काम सांगतो, पिवळ्या कव्हरातला फोन चटकन उत्तर देतो आणि दुसरा नुसता ढिम्म. तो ढिम्म मीच. तुम्हीही हसला असाल. त्याचा मला राग नाही, हसण्यासारखंच होतं ते.

जन्मतः मी काही मठ्ठ नव्हतो. कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी काच पुसली, किती वाजले ते विचारलं आणि मी लगेच सांगितलं. त्या "शाबास" म्हणाल्या आणि पुढच्या फोनकडे वळल्या. मला विकत घेतलं ते मात्र पिवळ्या फोनची जाहिरात करणाऱ्यांनी. हरायलाही कुणीतरी लागतंच ना!

स्टुडिओत नट म्हणाला, "उद्या सकाळी सहाला उठव." आम्ही दोघांनी एकदमच उत्तर दिलं. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा बरोबरी. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. खोटं दाखवायचं नाही, चित्रण मध्ये कापायचं नाही, अशी वकिलांची तंबी होती. तेव्हा आवाज रेकॉर्ड करणारी मुलगी म्हणाली, "याच्यात सावकाश बोलणाऱ्यांसाठी एक सोय आहे. माणूस बोलायचा थांबला तरी हा पाच सेकंद वाट बघतो, मग बोलतो. ती चालू करू?"

वकिलांनी हनुवटी खाजवली. "सोय त्या फोनमध्येच आहे, म्हणजे खोटं काही नाही. खाली बारीक अक्षरात लिहून टाका."

ती अक्षरं वाचायला मुंगीलाही चष्मा लागला असता. मी पाच सेकंद गप्प बसलो, पिवळा मिरवला आणि पडद्यावर ओळ आली, 'वाट बघत बसायचं, की कामाला लागायचं?' सगळे खदखदून हसले, ती मुलगीही हसली. मग माझी रवानगी खणात झाली. ती सोय बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्या मुलीचे बाबा फुलांच्या बाजारात लिलाव पुकारायचे. एका दमात वीस टोपल्यांची नावं घ्यायचे म्हणे. चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डोकं पहिल्यासारखं शाबूत, पण शब्द एकेक करून यायचे, मध्ये मोठी फट ठेवून. घरात मुलगी आणि आत्या, दोघीही जीव लावणाऱ्या, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. बाबा "मला" म्हणाले रे म्हणाले, की या धावल्याच.

"चहा हवाय का बाबा?"

"अगं, खिडकी लाव म्हणत असेल तो!"

शेवटी बाबा मान हलवायचे आणि नको असलेला चहा मुकाट्याने प्यायचे. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. बोलण्याचा सराव घ्यायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "हे बोलले नाहीत, तर आहे तेही जाईल."

माणसांशी नाही तर निदान फोनशी बोलतील, म्हणून मुलीने आधी स्टुडिओतला पिवळा फोन आणला. तो म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! बाबा "आज" म्हणताच त्याने आजचं हवामान सांगून टाकलं. "फुल" म्हणताच फुलदाण्या दाखवल्या. बाबांनी त्याला उपडा ठेवला. पुढे नव्या जाहिरातीसाठी तो परत द्यावा लागला आणि त्याच्या जागी खणातून मी आलो.

दोन दिवस बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी खोलीत कुणी नसताना त्यांनी मला उचललं.

"फुलबाजार..." मी थांबलो. "आज..." थांबलो. "उघडा आहे... का?"

पाच सेकंदांनी मी म्हणालो, "हो, दुपारी दोनपर्यंत उघडा आहे."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजाराला त्यांना थोडंच जायचं होतं! चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं वाक्य त्यांनी स्वतः पुरं केलं होतं.

मग रोज ते मला काहीबाही विचारू लागले. शब्द यायला फारच वेळ लागला, तर मी मध्येच तोंड घालायचो. तेव्हा "थांब!" हा शब्द मात्र न अडखळता यायचा, तोही लिलावाच्या आवाजात.

एका दुपारी टीव्हीवर ती जाहिरात लागली. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या माझ्याकडे. मुलगी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तो हाच फोन. ती सोय मीच सुचवली होती. लोकांनी हसावं म्हणून."

"मी... याच्याशी... बोलतो... कारण..."

"कारण याला सगळं कळतं," ती सवयीने म्हणाली.

बाबांनी हात वर केला. ती गप्प झाली. मी मनात मोजत होतो. पाच झाले, सात झाले, नऊ झाले. खरं सांगतो, तिच्या जागी मी असतो तर केव्हाच बोलून मोकळा झालो असतो. ती ओठ घट्ट मिटून बसली होती.

"कारण... घरात... हाच एक... थांबतो."

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. ती त्यांच्या पायाशी बसून खूप रडली.

आता बाबा रोज संध्याकाळी तिच्याशी बोलतात. परवा त्यांनी, आपण पहिल्याच लिलावात स्वतःच्या सासऱ्यांनी बोली जिंकलेली टोपली चुकून दुसऱ्याला कशी देऊन टाकली, ते सांगितलं. अर्धा तास लागला. आत्याची अजून चूक होते, मग ती स्वतःच तोंडावर हात ठेवते. मला आता आठवडा आठवडा कुणी हाक मारत नाही. चार्जिंग जेमतेम दुपारपर्यंत टिकतं. तक्रार नाही, मला बरंच वाटतं.

एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणाचं वाक्य असं अर्ध्यावर अडत असेल, तर पुढचा शब्द त्यांच्या तोंडी घालू नका. मला पाचच सेकंद थांबता येतं, माझी घडणच तेवढी. तुम्हाला तर हवं तितकं थांबता येतं.